पाव आकाराचं कब आणि ३० सीसीचं इंजिन

पायपर जे-३ कब या पिवळ्या, दोन आसनी विमानाच्या पंखांचा पसारा १०.७४ मीटर. माणसं, इंधन, सामान धरून ते ५५० किलोंपर्यंत वजन घेऊन उडतं आणि त्याला ६५ अश्वशक्तीचं इंजिन पुरतं. हेच विमान सगळ्या बाजूंनी एक चतुर्थांश करायचं ठरवलं, तर पंखांचा पसारा होतो २ मीटर ६९ सेंटिमीटर. लांबी चौथ्या हिश्शावर येते, पंखांचं क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर आणि वजन चौसष्टाव्या. म्हणजे मॉडेलचं वजन यायला हवं साडेआठ किलोंच्या आसपास. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड किंवा फिल्म, पुढे पेट्रोल इंजिन अशा पद्धतीने नीट बांधलेलं पाव आकाराचं कब खरोखरच तेवढंच भरतं.

याच हिशेबात मोठ्या मॉडेलचं सगळं सुख दडलेलं आहे. खऱ्या कबच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३३ किलोंचा भार असतो, मॉडेलच्या पंखावर जेमतेम सव्वाआठ. भार चौथा हिस्सा झाला की हवेत तरंगत राहायला लागणारा किमान वेग निम्मा होतो. खरं कब ताशी ६० किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते. मॉडेल ३० पर्यंत निवांत उडतं. हातभर लांबीच्या छोट्या मॉडेलला वाऱ्याची झुळूक उलटंपालटं करते, पण हे विमान तीच झुळूक पोटात घेऊन पुढे जातं. वळण घेताना त्याला वेळ लागतो, धावपट्टीवर टेकताना ते खऱ्यासारखं लांब तरंगतं. मोठ्या मॉडेलच्या नादी लागलेला माणूस छोट्याकडे सहसा परत जात नाही, त्याचं कारण हे उडणं आहे.

आता इंजिनाचं गणित. लागणारी शक्ती वजन आणि वेग यांच्या गुणाकाराने ठरते. वजन चौसष्टावा हिस्सा, वेग निम्मा, म्हणून शक्ती एकशे अठ्ठाविसावा हिस्सा. ६५ अश्वशक्तीला १२८ ने भागलं की उत्तर येतं अर्धी अश्वशक्ती. लहान पंखांभोवतीची हवा थोडी जास्त अडवते, लहान प्रोपेलर थोडी जास्त शक्ती वाया घालवतो. ते धरून पाऊण म्हणू. प्रत्यक्षात या विमानाला लोक ३० सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन लावतात आणि ते तीन अश्वशक्तीच्या वर देतं. गरजेच्या चौपट!

म्हणून मोठ्या पेट्रोल मॉडेलबद्दल माझं स्पष्ट मत आहे: ताकद मिळवणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. ती दुकानात मिळते. कस लागतो तो ती ताकद लाकडी सांगाड्यात धरून ठेवताना. फायरवॉलपासून शेपटीच्या शेवटच्या बिजागरीपर्यंत विमान बांधायची रीत इंजिनाच्या हादऱ्यांनी ठरते. नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘किती सीसीचं बसवू?’ त्याने आधी विचारावं, ‘ते कशावर बसवू?’

मॉडेल विमानांच्या जगात पेट्रोल एकदा आलं, गेलं आणि पुन्हा आलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मॉडेलं पिळलेल्या रबरावर उडायची. फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन या तरुणाने १० सीसीच्या आसपासचं चिमुकलं पेट्रोल इंजिन बनवलं आणि मॅक्सवेल बॅसेटने ते आपल्या मॉडेलवर बसवून १९३३ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत रबरवाल्यांना मागे टाकलं. पुढे ‘ब्राउन ज्युनियर’ नावाने विकल्या गेलेल्या या इंजिनाची ताकद होती एक पंचमांश अश्वशक्ती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मिशिगन राज्यातल्या कॅलामझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी आठ फूट पसाऱ्याचं ‘गफ’ हे पेट्रोल मॉडेल रेडिओवर उडवून दाखवलं. व्हॅक्यूम ट्यूबचा रिसीव्हर आणि बॅटऱ्या वाहून न्यायच्या, म्हणून विमान मोठं करणं भागच होतं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जतन केलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात हाच उद्योग कारखान्यात गेला. हॉलिवूडचा अभिनेता रेजिनाल्ड डेनी याने काढलेल्या रेडिओप्लेन कंपनीने तोफखान्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी बारा फूट पसाऱ्याची रेडिओ विमानं हजारोंनी बनवली. त्या कारखान्यात काम करणाऱ्या नॉर्मा जीन या तरुणीचे फोटो १९४५ मध्ये लष्कराच्या एका छायाचित्रकाराने काढले आणि पुढे जग तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखू लागलं.

१९४७ मध्ये रे आर्डेनचा ग्लो प्लग बाजारात आला आणि पेट्रोल मागे पडलं. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार एकदा बॅटरीने लाल केली की पुढे इंजिन चालू असेपर्यंत आपोआप तापलेली राहते. ठिणगी नको, कॉइल नको, बॅटरीचं ओझं नको. मात्र तिला मिथेनॉल लागतं आणि एक किलो मिथेनॉलमध्ये पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते. छोट्या इंजिनाला ते चालून जातं. मॉडेल मोठं होऊ लागलं, तशी मिथेनॉलची तहान परवडेनाशी झाली. मग १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांनी झाडं कापायच्या चेन सॉकडे पाहिलं. ३५ सीसीचं कॅनडियन ‘क्वाड्रा’ हे त्या जातीचं सर्वांत गाजलेलं इंजिन. त्याच्यामागून मोठ्या मॉडेलांची चळवळच उभी राहिली. एक पंखी विमान किमान ८० इंच किंवा दोन पंखी विमान किमान ६० इंच पसाऱ्याचं असलं की त्याला ‘जायंट स्केल’ म्हणायचं, हा संकेत तेव्हापासून रूढ आहे.

करवतीचं इंजिन विमानाला चालतं याचं श्रेय त्याच्या कार्ब्युरेटरला. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता फ्लोट असतो; गाडी आडवी केली की पेट्रोल सांडतं. लाकूडतोड्या मात्र करवत आडवी, उभी, उलटी कशीही धरतो. म्हणून तिच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटऐवजी पातळ लवचीक पडदे असतात. इंजिनाच्या क्रँककेसमधला दाब प्रत्येक फेरीला वरखाली होतो. त्या ठोक्यांवर एक पडदा हलतो आणि पंपासारखं पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा ते मोजून आत सोडतो. त्यामुळे टाकी इंजिनापासून दूर, गुरुत्वमध्याजवळ ठेवता येते आणि टाकी भरलेली असो की रिकामी, विमानाचा तोल फारसा ढळत नाही. ग्लो इंजिनाला टाकी अगदी मागे चिकटून आणि ठरावीक उंचीवर लागते. पेट्रोलवाल्याला ती सक्ती नाही.

आता हादऱ्यांकडे येऊ. ३० सीसीच्या एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन साधारण ३० मिलिमीटर वरखाली होतो. पिस्टन, त्याची पिन, रिंग आणि कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक मिळून वजन ५० ग्रॅम धरू. मिनिटाला ७,५०० फेरे म्हणजे सेकंदाला १२५. प्रत्येक फेरीत पिस्टन वर जाऊन थांबतो, उलटा फिरतो, खाली जाऊन थांबतो, पुन्हा उलटा फिरतो. सर्वांत वरच्या बिंदूपाशी त्याला दिशा बदलायला लावायची, तर गुरुत्वाच्या सुमारे साडेनऊशे पट त्वरण लागतं. ५० ग्रॅमच्या तुकड्यावर हा जोर भरतो ४५ किलोंहून जास्त. क्रँकशाफ्टवरचं प्रतिवजन यातला निम्मा जोर खाऊन टाकतं, उरलेला निम्मा बाहेर पडतो. म्हणजे साडेआठ किलोंच्या विमानाच्या नाकाला कोणीतरी वीसेक किलोंच्या जोराने, सेकंदाला १२५ वेळा झटके देत असतो.

हे झटके पहिल्यांदा पोचतात फायरवॉलवर. इंजिन ज्या उभ्या फळीवर बोल्टने कसलेलं असतं ती ही फायरवॉल. ती बर्चच्या प्लायवूडची असावी, जाडी किमान ६ मिलिमीटर. बाजारातल्या तयार सांगाड्यांत ती बाजूच्या फळ्यांमध्ये गोंदाने बसवलेली असते, पण ते जोड तपासल्याशिवाय इंजिन लावू नये. आतल्या चारही कोपऱ्यांत तिकोनी काठ्या एपॉक्सीने चिकटवायच्या. मग बाहेरून, बाजूच्या फळीतून फायरवॉलच्या कडेत तीन-चार मिलिमीटरची भोकं पाडून त्यात लाकडी खुंट्या एपॉक्सीसकट ठोकायच्या. गोंद खेचला जाताना सुटू शकतो. आडवी खुंटी सुटत नाही, तिला मोडावंच लागतं. शेवटी फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना पातळ केलेल्या एपॉक्सीचा हात द्यायचा, म्हणजे पेट्रोल आणि तेल प्लायवूडमध्ये मुरत नाही. तेल प्यालेल्या लाकडावर नंतर कुठलाच गोंद बसत नाही. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि पुऱ्या बांधणीत याहून मोलाची संध्याकाळ दुसरी नाही.

इंजिन बसवताना ते नाकाच्या सरळ रेषेत न ठेवता दोनेक अंश उजवीकडे आणि किंचित खाली रोखलेलं ठेवतात. प्रोपेलरने मागे फेकलेली हवा मळसूत्रासारखी धडाभोवती फिरत शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि नाक डावीकडे ओढलं जातं. इंजिनाचा तिरपेपणा ती ओढ भरून काढतो. आणि हादऱ्यांनी सैल होऊ नये म्हणून धातूत कसलेल्या प्रत्येक बोल्टला थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, थेंब हवाच.

ठिणगीची व्यवस्था आता खूप सुधारली आहे. जुन्या चेन सॉ इंजिनांना चुंबक बसवलेलं जड फ्लायव्हील असे. आज प्रोपेलरच्या हबमध्ये मसुराएवढं चुंबक असतं, शेजारी ते ओळखणारा हॉल सेन्सर आणि बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. फेरे कमी असताना ते ठिणगी उशिरा देतं, त्यामुळे हाताने सुरू करताना इंजिन उलटा झटका देण्याची शक्यता कमी होते. वेग वाढला की पिस्टन वर पोचण्याच्या बराच आधी ठिणगी पडते. ठिणगी मात्र स्वतःच एक छोटा रेडिओ प्रक्षेपक आहे. म्हणून प्लगची वायर धातूच्या जाळीत गुंडाळलेली असते, इग्निशन आणि त्याची बॅटरी रिसीव्हरपासून दूर ठेवतात आणि कार्ब्युरेटर उघडणारा दांडा धातूऐवजी नायलॉनचा घेतात. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांवर या गोंगाटाचा परिणाम कमी होतो, तरी ही शिस्त सोडण्यात शहाणपण नाही. इग्निशन तोडणारा स्विच ट्रान्समीटरवरून चालला पाहिजे आणि संपर्क तुटला तर इंजिन आपोआप बंद पडेल किंवा किमान वेगावर येईल, अशी फेलसेफ लावूनच विमान बाहेर काढावं.

प्रोपेलरवर दोन आकडे लिहिलेले असतात, समजा १८ × ८. पहिला इंचांतला व्यास, दुसरा एका फेरीत तो सैद्धांतिकदृष्ट्या किती इंच पुढे सरकेल ते. मिनिटाला ७,५०० फेऱ्यांत १८ × ८ चा प्रोपेलर जागेवर सात-आठ किलोंची ओढ देतो आणि त्याचा पुढे सरकायचा वेग होतो ताशी ९१ किलोमीटर. कबला ५०-६० चा वेग पुरे. म्हणजे ८ इंचांची पिच, म्हणजे तो दुसरा आकडाही, त्याला जरा जास्तच. २० × ६ सारखा मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा प्रोपेलर हळू विमानाला अधिक शोभतो: जास्त हवा, कमी वेगाने. वेगवान विमानाला उलटं हवं. विमानाला ताकद कमी पडते असं वाटलं की लोक मोठं इंजिन शोधतात. त्याआधी शंभरातल्या ऐंशी जणांनी प्रोपेलर बदलून पाहावा, असं मी म्हणेन.

कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. शेपटीकडे वाढलेले ५० ग्रॅम तोलायला नाकात दीड-दोनशे ग्रॅम शिसं भरावं लागतं. म्हणून शेपटीचे भाग निवडून हलक्या बाल्साचे करतात. बाल्सा येतो मुख्यतः इक्वेडोरहून आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक सापडतो. काटा घेऊन बसणारा बांधणारा इथे जिंकतो. पाव आकाराच्या कबच्या पंखाची रुंदी ४० सेंटिमीटर. गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ११ ते १२ सेंटिमीटरवर आला की पहिल्या उड्डाणाला तो सुरक्षित. शेपटीवरचे रडर आणि एलेव्हेटर, पंखांवरचे एलेरॉन हलवणारे सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटारी, धातूच्या दात्यांचे घ्यावेत. प्लास्टिकचे दाते इंजिनाच्या हादऱ्यांनी झिजतात, सांध्यात ढिलाई येते आणि ढिला एलेव्हेटर वेगात फडफडू लागला की काही क्षणांत शेपूट सुटते.

इंधन म्हणजे पंपावरचं पेट्रोल आणि त्यात टू-स्ट्रोकचं तेल, ३० किंवा ४० भागांना एक भाग. अर्धा लिटरची टाकी वीसेक मिनिटं पुरते. ग्लो विमानाकडून पेट्रोलकडे आलेले लोक जुन्या सवयीने सिलिकॉनची नळी लावतात. पेट्रोलमध्ये ती फुगते आणि कमजोर पडते. पेट्रोल सोसणारी पिवळट पारदर्शक नळीच घ्यावी आणि टाकीचं बूचही पेट्रोलचं. आपल्याकडे आता आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. भारतातल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यात उरलेलं मिश्रण महिनाभर पडलं, तर त्यात पाणी साचून ते तळाशी वेगळं होऊ शकतं. कार्ब्युरेटरमधले पडदेही इथेनॉलने लवकर कडक होतात आणि कडक पडदा पेट्रोल नीट ओढत नाही. लागेल तेवढंच मिश्रण करावं, उडवून झालं की टाकी रिकामी करावी, मग इंजिन सुरू करून कार्ब्युरेटरही कोरडा करावा.

जास्त ताकदीच्या मोहावर सर्वांत चांगला उतारा मेनार्ड हिल यांच्या विमानात सापडतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत काम केलेल्या या माणसाची नजर उतारवयात जवळजवळ गेली होती. ९ ऑगस्ट २००३ ला त्यांचं टॅम-५ हे सहा फूट पसाऱ्याचं, बाल्साचं मॉडेल कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधून निघालं. आधीच्या प्रयत्नांत त्यांची विमानं हरवली होती. हे मात्र उपग्रहांच्या साहाय्याने अटलांटिक ओलांडून ११ ऑगस्टला आयर्लंडच्या क्लिफडेनजवळ उतरलं. १९१९ मध्ये अटलांटिकवरून पहिलं विनाथांबा उड्डाण करणारे ऑलकॉक आणि ब्राउन न्यूफाउंडलंडहून निघून याच क्लिफडेनपाशी उतरले होते. सुमारे ३,०३० किलोमीटर, जवळजवळ ३९ तास, भरलेल्या टाकीसह वजन ५ किलोंच्या आत. इंजिन १० सीसीचं, फोर-स्ट्रोक. हिल यांनी त्याचा ग्लो प्लग काढून ठिणगीची व्यवस्था बसवली आणि कंदिलात जाळायचं शुद्ध पेट्रोलजन्य इंधन वापरलं. तासाला शंभर मिलिलिटरही लागलं नाही. पाव आकाराचं कब पूर्ण वेगात तासाला दीड-दोन लिटर पितं. दोन्ही विमानांचं काम वेगळं आहे हे खरं, पण ठिणगी, मिश्रण आणि प्रोपेलर यांचा मेळ घालायला वर्षं दिली की दहा सीसीतून काय निघतं, ते तिथे दिसतं.

सुरू करण्याची रीत शिकून घ्यायची आणि तीत कधी सूट घ्यायची नाही. एकाने शेपूट पकडायची, कोणीही प्रोपेलरच्या रेषेत उभं राहायचं नाही. १८ इंची प्रोपेलरचं टोक ताशी साडेसहाशे किलोमीटर वेगाने फिरतं आणि फिरताना ते दिसत नाही. जाड चामडी हातमोजा घालायचा. चोक बंद, इग्निशन चालू, थ्रॉटल किंचित उघडा. प्रोपेलर झटक्याने फिरवत राहायचं, तोवर इंजिन एकदा ‘फट्’ करून विझतं. तो आवाज म्हणजे पेट्रोल पोचल्याची खूण. चोक उघडायचा आणि पुन्हा फिरवायचं. दोन-चार झटक्यांत ते धरतं. कार्ब्युरेटरला दोन सुया असतात. आधी मंद वेगाची सुई लावायची, थ्रॉटल झटकन उघडला तर इंजिन न अडखळता चढलं पाहिजे. मग वेगाची सुई, फेरे सर्वांत जास्त होतील तिथपर्यंत आवळून जराशी परत सैल. त्या शेवटच्या सैलपणात इंजिनाचं आयुष्य आहे, कारण पेट्रोलबरोबरच तेल जातं. कोरडं मिश्रण पिस्टन भाजून टाकतं. काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, हवा आत यायची जागा जेवढी, त्याच्या किमान दुप्पट बाहेर जायची असावी, नाहीतर गरम हवा आतच कोंडते.

भारतात ड्रोन नियम २०२१ नुसार शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोंपर्यंतचं मॉडेल स्वतंत्र वर्गात मोडतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. विमानतळांभोवतीचे, उड्डाणावर निर्बंध असलेले लाल आणि पिवळे पट्टे मात्र त्यालाही लागू आहेत. या पट्ट्यांचा नकाशा पाहूनच मैदान निवडावं.

हवेत गेल्यावर कब एक धडा देतं, जो छोटी मॉडेलं देत नाहीत. एलेरॉनने डावीकडे झुकवलं की नाक आधी उजवीकडे वळतं, कारण खाली आलेला उजवा एलेरॉन जास्त हवा अडवतो. एलेरॉनबरोबर रडरही द्यावा लागतो, खऱ्या कबच्या वैमानिकाला पायाने द्यावा लागतो तसाच. उड्डाण घेताना थ्रॉटल एकदम उघडू नये. तीन अश्वशक्तीचा झटका मिळाला तर हे शेपटीवर टेकलेलं विमान धावपट्टीवरच डावीकडे फिरतं. हळूहळू उघडत गेलं, तर निम्म्या थ्रॉटललाच चाकं सुटतात.

पहिल्या उड्डाणानंतर काउलिंग काढायचीच. प्लगचं टोक फिकट तपकिरी असलं तर मिश्रण बरोबर, पांढरं असलं तर कोरडं, काळं-ओलं असलं तर पेट्रोल जास्त. फायरवॉलच्या कडेला केसाएवढी रेघ दिसते का ते बॅटरीच्या प्रकाशात पाहायचं, सायलेन्सरचे बोल्ट हाताने चाचपायचे. प्रोपेलर लाकडी असेल तर त्याचे बोल्ट प्रत्येक दिवशी उडवण्याआधी पुन्हा कसायचे: लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि जुलैत घट्ट बसलेला बोल्ट मार्चमध्ये सैल सापडतो.